दोन नळ्यांची बंदूक आणि माझे तीनशे मीटर

मला तीनशे मीटरवर नेम मारायचा होता. एकदाच, पण रीतसर, वहीत नाव लावून. ही गोष्ट मी दीड वर्ष कोणाजवळ बोलले नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती ते तर रोज माझ्यासमोर बसून वरणभात जेवत होते. आता सांगून टाकते. माझं वय असं झालंय की कोणी रागावलं तरी धड ऐकू येत नाही.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. आमचे हे एर्लांगेनच्या विद्यापीठात फिजिक्सची डॉक्टरेट करत होते. (नाव विचारू नका, तेव्हा घ्यायची पद्धत नव्हती आणि आता सवय नाही.) मी लग्न होऊन बोटीने तिकडे पोचले तेव्हा मला जर्मनमधलं 'या', म्हणजे हो, तेवढं येत होतं, आणि ते मी कुठेही ठोकून द्यायचे. ह्यांच्या इन्स्टिट्यूटला एक वर्कशॉप होतं आणि तिथे एक माइस्टर होते, म्हणजे मुख्य कारागीर. पन्नाशीचे, झुपकेदार मिशांचे, मोजकं बोलणारे. हेच माइस्टर शहराबाहेरच्या खेड्यातल्या नेमबाजीच्या क्लबाचे प्रमुख होते. त्यांनी एकदा ह्यांना विचारलं, रविवारी नेमबाजी बघायला येता का? आणि मला विचारलं, फ्राउ डॉक्टर, कॉफीला येता का? मी म्हटलं, "या."

फ्राउ डॉक्टर! नवरा डॉक्टर असला की बायको आपोआप डॉक्टरीणबाई, अशी तिथली रीत. मी सांगून दमले की अहो, हे अजून झालेले नाहीत डॉक्टर, व्हायचे आहेत. माइस्टर म्हणायचे, "आल्झो, मग होतील ना?" आणि पुन्हा फ्राउ डॉक्टर. शेवटी मी नाद सोडला. खोटं कशाला बोलू, आवडायचंसुद्धा.

क्लबात बायकांनी केक कापायचा आणि पुरुषांनी गोळ्या मारायच्या असा शिरस्ता. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मला केक कापायचा इतका कंटाळा आला की मी सुरी ठेवली आणि आतल्या खोलीत, जिथे हवेच्या बंदुकीने दहा मीटरवर सराव चालायचा, तिथे जाऊन उभी राहिले. माइस्टरांनी माझ्याकडे बघितलं, काही न बोलता बंदूक माझ्या हातात दिली. पाचांपैकी तीन छर्रे काळ्या ठिपक्यात! माहेरी कॅरममध्ये मी भावांना रडवलेलं होतं, त्यामुळे मला स्वतःला फारसं आश्चर्य वाटलं नाही. ह्यांना मात्र वाटलं. हे त्या दिवशी पाचही छर्रे लाकडात घालून आले होते.

त्या दिवसापासून आम्ही दोघंही बिघडलो.

क्लबाच्या बंदुका थोड्या, मेंबर फार. तासभर थांबावं तेव्हा आपली पाळी. ह्यांच्या डोक्यात आलं, आपली स्वतःची बंदूक करू. विकत घेणं तर बोलायलाच नको, स्टायपेंडवर जगणारी माणसं आम्ही. दुकानाच्या काचेतून बघून घरी येऊन चहा प्यायचो. त्यातून क्लबात दोन अंतरं होती. शंभर मीटरला हलकं काडतूस लागायचं, तीनशेला भारी. म्हणजे दोन बंदुका. मी म्हटलं, झालं, विसरा. पण ह्यांचं उलटंच. एके दिवशी मी चकल्या करत होते, आणि हे माझ्या सोऱ्याकडे टक लावून बसले.

"अगं, सोऱ्या एकच ना?"

"मग काय चार असतात?"

"आणि शेव करायची झाली तर?"

"चकती बदलते. अहो, तुम्हाला काय झालंय?"

ह्यांना काहीही झालं नव्हतं, बंदूक सुचली होती. दस्ता एक, बोल्ट एक, चाप एक, मधली लोखंडी पेटी एक, आणि नळ्या दोन. दोन्ही काडतुसांचं बूड एकाच मापाचं निवडायचं, म्हणजे बोल्ट तोच चालेल. हवी ती नळी आट्यांवर फिरवून बसवायची, पान्याने आवळायची, की झाली बंदूक तयार. दुसऱ्या दिवशी माइस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, असं करतात लोक, पण हात स्वच्छ हवा. हे म्हणाले, माझा हात स्वच्छ आहे. माझ्या चकल्यांचं कालचं पीठ नखांत असताना म्हणाले.

मग सुरू झाली आमची वणवण. न्युरेम्बर्गला एक म्हातारा बंदूकवाला होता, त्याच्या मागच्या खोलीत मोडक्या शिकारी बंदुकांचा ढीग. त्यातून ह्यांनी पेटी आणि बोल्ट उचलला. एक नळी कुठल्याशा दस्ता तुटलेल्या बंदुकीची, दुसरी त्याच्याकडे कोणी नेईना म्हणून पडलेली. आटे त्यानेच पाडून दिले, कारण ते काम परवान्याशिवाय कोणी करायचं नाही. बाकी सगळं ह्यांनी केलं. इन्स्टिट्यूटमधलं एक जुनं वर्कबेंच मोडीत निघालं होतं. त्याची बीच लाकडाची जाड फळी माइस्टरांनी ह्यांच्या सायकलला बांधून दिली. त्या फळीतून दस्ता कोरायचं काम आमच्या स्वयंपाकघरात चाललं. चार महिने! आमटीत भुसा, पोळीत भुसा, ह्यांच्या भुवयांत भुसा. घरमालकीण विचारायची, तुम्ही लोक खाता तरी काय? पट्टा केला माझ्या सुटकेसच्या पट्ट्याचा, मला न विचारता. त्यावरून मी दोन दिवस बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी बंदूक बघायचा मोह आवरेना म्हणून बोलले.

नळ्या तपासून घ्यायला म्युनिकला जावं लागलं. तिथे एक सरकारी कचेरी होती. तुमच्या नळीत मुद्दाम जास्त जोराचं काडतूस उडवून बघायचे, नळी टिकली तर शिक्का, नाहीतर राम राम. आम्ही त्या दोन नळ्या माझ्या जुन्या साडीत गुंडाळून आगगाडीतून नेल्या. समोरच्या आजीबाईंनी मोठ्या मायेने विचारलं, बाळ किती महिन्यांचं? मी म्हटलं, "या." हे खिडकीबाहेर बघून खांदे हलवत हसत होते. शिक्के मिळाल्यावर आम्ही कचेरीच्या पायरीवर पोरांसारखे नाचलो. अगदी खरं सांगते, नाचलो. शिपाई दार लावून आत गेला.

वाटणी ह्यांनी आधीच करून टाकली होती. आखूड नळी, शंभर मीटरची, ती माझी. लांबडी, तीनशेची, ती ह्यांची. "तिचा धक्का फार असतो गं, तुझा खांदा निखळेल." मी मान डोलावली. का डोलावली देव जाणे; एरवी मी मीठ कमी पडलं तरी भांडणारी बाई. पण बंदूक ह्यांनी केली होती, रक्त आटवून केली होती, आणि मी कुठल्या तोंडाने म्हणणार की लांबडी मला द्या?

शंभर मीटरवर माझं बरं चाललं. पालथं पडून मारायचं असतं, आणि पाचवारी साडीत पालथं पडणं म्हणजे तमाशा. मी सरळ सासूबाईंनी दिलेली नऊवारी काढली, कासोटा घट्ट मारला, वर ह्यांचा कोट. आरामात पडता येत होतं, उठता येत होतं. बायका कौतुकाने बघायच्या. एकीने तर कसं नेसतात ते शिकून घेतलं आणि कोंबड्यांना दाणे घालायला नेसायला लागली.

पण माझे डोळे लागलेले असायचे पलीकडे. शेताच्या त्या टोकाला, तीनशे मीटरवर, मातीच्या बांधामागे खंदकात एक माणूस बसलेला असायचा. गोळी लागली की तो लांब काठीवरची गोल पाटी वर करून कुठे लागली ते दाखवायचा. दहा गुण मिळाले की पाटी गरागरा फिरवायचा, आणि गोळी चुकली की पाटी आडवी, डावीकडून उजवीकडे हलवायचा. पहिल्या दिवशी ह्यांनी लांबडी उडवली तेव्हा ती पाटी जोरजोरात हलली. मला वाटलं, किती अगत्यशील माणूस! मीही हात हलवला. सगळा क्लब पोट धरधरून हसला, आणि हे आठवडाभर त्यावरून मला चिडवत होते, खरं तर गोळी चुकली होती ह्यांची.

तिथे, त्या पाटीपर्यंत, आपली गोळी जावी. बस, एवढंच वाटायचं. का वाटायचं ते विचारू नका. डोंगर दिसला की काहींना चढावासा वाटतो ना, तसं.

दुसरं वर्ष संपत आलं. जानेवारीची बोट ठरली होती. ह्यांचे प्राध्यापक म्हणत होते की प्रयोग अर्धा आहे, अजून एक वर्ष राहा. ह्यांचं मन होत होतं. पण मीच ठाम नाही म्हटलं होतं. बटाटे पुरे झाले, थंडी पुरे झाली, मला घरी जायचंय. लिखाण पुण्यात बसून पुरं करा. ट्रंक निम्मी भरूनसुद्धा झाली होती. ऑक्टोबरच्या एका रविवारी क्लबाची त्या मोसमातली शेवटची तीनशे मीटरची स्पर्धा होती, मग थेट वसंतात. म्हणजे माझ्यासाठी शेवटचीच. वहीत शुक्रवारपर्यंत नाव लावायचं होतं. बायकांना बंदी नव्हती. लावलं नव्हतं एवढंच कोणी कधी. बंदूक आमची एक, आणि ह्यांनी आपलं नाव कधीच लावून टाकलं होतं. मी वहीपाशी दोनदा गेले आणि दोनदा परत आले.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सासूबाईंचं पत्र आलं. घरात शस्त्र आहे असं कळतं, तर खंडेनवमीला त्याची पूजा झालीच पाहिजे, परमुलखात आहोत ही सबब चालणार नाही.

खंडेनवमी शुक्रवारी, दसरा शनिवारी, स्पर्धा रविवारी. मी म्हटलं, करायची तर साग्रसंगीत करायची. जेवणाच्या टेबलावर पाट, पाटावर धुतलेला टॉवेल, त्यावर सगळे भाग सुटे करून मांडले: दस्ता, पेटी, बोल्ट, पाना, आखूड, लांबडी. झेंडू घरमालकिणीच्या खिडकीतल्या कुंडीतून, तिला विचारून घेतला, म्हणजे घेतल्यावर विचारलं. हळदकुंकू लोखंडाला चिकटेना म्हणून खोबरेल तेलात कालवलं. आणि लावलं कुठे, तर जिथे सगळ्यात लख्ख चमकत होतं तिथे! नळीच्या मागच्या टोकाला आट्यांच्या पुढे एक गुळगुळीत कडं असतं, आरशासारखं. तिथे मी पाच बोटं उमटवली, वर अक्षता. ह्यांनी मनोभावे नमस्कार केला. पूजेतली वस्तू दसरा होईपर्यंत हलवायची नाही, म्हणून दोन दिवस सगळं तसंच राहिलं, आणि छान वाळलं.

रविवारी सकाळी आम्हाला उशीर झाला. ह्यांनी फडक्याने वरवर पुसलं, लांबडी फिरवून बसवली. नळीवरची खूण पेटीवरच्या खुणेला जुळायला केसभर कमी पडत होती. पान्याला जोर लावला, जुळली. निघालो सायकलवरून.

चाचणीच्या दोन गोळ्या चांगल्या गेल्या. मग मोजायच्या दहा सुरू झाल्या. पहिली आठ गुण. दुसरी सहा. तिसऱ्या गोळीला पाटी आडवी हलली. चौथीला हलली. पाचवीला तर तो खंदकातला माणूस असा काही हलवत होता की मला ह्या वेळी हात वर करायचा धीर झाला नाही. ह्यांचे कान लाल झाले होते. दीड वर्षाची मेहनत, आणि सगळा गाव बघतोय.

"हाल्ट!" माइस्टर ओरडले. पुढे आले, बोल्ट उघडून बंदूक रिकामी केली, नळी मुठीत धरून पिळली, आणि नळी हाताने फिरली! माइस्टरांचा चेहरा पांढरा पडला. नळी ढिली, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी तिरकी, गोळ्या शेतात. त्यांनी पान्याने नळी काढली, पेटीला टेकणारं ते कडं उजेडात धरलं. पिवळं, तांबडं, चुरडलेलं काहीतरी, आणि त्यात दबून कागदासारखा झालेला तांदळाचा एक दाणा. गोळीगणिक ते चुरडत गेलं होतं आणि नळी सैल होत गेली होती.

"हेर डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "हे कुठलं वंगण?"

अगं बाई गं! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच वेळी हसू इतकं येत होतं की पदर तोंडात कोंबावा लागला. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मीच सांगितलं. आमच्याकडे वर्षातून एकदा हत्यारांना, अवजारांना नमस्कार करतात. ज्याच्यावर आपला हात चालतो त्याला ओवाळतात. ते मी केलं, आणि नको तिथे केलं. मग माइस्टरांनी खिशातून स्वतःचा धुतलेला रुमाल काढला आणि ते कडं पुसायला लागले, सावकाश, कडेकडेने. म्हणाले, "चाळीस वर्षं लेथवर काढली. लेथला नमस्कार करायचं कधी सुचलं नाही." मागून एक जाडा मेंबर ओरडला, "माझ्याही बंदुकीला लावा हो, पण बाहेरून!" आणि जो काही हशा उठला! मीसुद्धा हसले. हे सोडून सगळे हसले.

नळी नीट बसली. खूण खुणेला अलगद जुळली. अजून पाच गोळ्या उरल्या होत्या, पण हे चटईवर तसेच बसून होते.

"अहो, माझ्यामुळे झालं."

"आता बोलू नकोस."

"बरं."

मी गप्प बसले. आणि गप्प बसल्यावर माझे डोळे आपोआप गेले ते बांधाकडे. ह्यांनी ते पाहिलं.

"तू सारखी तिकडे काय बघतेस गं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "मला मारायचंय. तिथे. एकदा."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलली नाहीस? तू?"

"तुम्ही म्हणालात खांदा निखळेल."

हे माझ्याकडे बघतच राहिले. मग इतके मोठ्यांदा हसले की चष्मा नाकावरून घसरला. उठले, चटई झटकली, आणि माइस्टरांना म्हणाले, उरलेल्या पाच माझी बायको मारेल. माइस्टरांनी वही उघडली, बंद केली. नाव शुक्रवारी लागतं, एकाची पाळी दुसऱ्याला देता येत नाही. मारायच्या तर मारा, पण मोजल्या जाणार नाहीत.

मी तोवर कासोटा आवळून पालथी पडले होते.

पहिल्या गोळीचा धक्का, काय सांगू! दात वाजले. खांदा मात्र जागेवर होता. पाटीने दाखवलं, आठ. दुसरी, नऊ. तिसऱ्या गोळीला ती पाटी जरा थांबली, आणि मग गरागरा, गरागरा फिरायला लागली. मी पडल्या पडल्या पाय आपटले. माइस्टरांजवळचा, खंदकाशी जोडलेला फोन वाजला. खंदकातला माणूस विचारत होता, आता कोण मारतंय?

"फ्राउ डॉक्टर," माइस्टर म्हणाले.

पलीकडून काहीतरी विचारलेलं. माइस्टर म्हणाले, "या, या. गेनाऊ, अगदी बरोबर. तीच, हात हलवणारी."

चौथी नऊ. पाचवीला मी इतका वेळ घेतला की हे माझ्या कानाशी कुजबुजले, अगं श्वास घे. मी म्हटलं, गप्प बसा. आणि सोडली. दहा. पाटी फिरतेय, फिरतेय, आणि हे चटईभोवती उड्या मारतायत, "माझी बंदूक! माझी बायको! बघा!" ह्यांना जर्मन सुचेना म्हणून हे सगळं मराठीत चाललेलं, आणि लोक टाळ्या वाजवतायत.

माइस्टरांनी वही काखेत मारली, माझा हात दोन्ही हातांत धरला. "सुंदर, फ्राउ डॉक्टर. पुढच्या वर्षी मात्र शुक्रवारपर्यंत नाव लावा. मग मोजू."

पुढच्या वर्षी! मला एकदम रडूच फुटलं. इतका वेळ मी हवेत होते, आणि आता आठवली जानेवारीची बोट, आणि ती निम्मी भरलेली ट्रंक. माइस्टर घाबरले, त्यांना वाटलं खांद्याला लागलं. हे मला बाजूला घेऊन गेले, वंगणाने काळा झालेला रुमाल पुढे केला. मी तोंड पुसलं, तोंड काळं झालं.

"अहो, उद्या प्राध्यापकांना सांगा."

"काय?"

"राहतो म्हणून. एक वर्ष."

"आणि थंडी? बटाटे?"

"खाईन."

हे कोटाच्या बाहीने माझ्या नाकावरचा काळा डाग पुसायला लागले, तो आणखी पसरला, आणि दोघंही तिथेच शेतात गवतावर बसून वेड्यासारखे हसत सुटलो. मग हे म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण आईला काय सांगणार?

घरी आल्यावर मी लगेच पत्र लिहायला बसले. सासूबाईंना कळवलं की पूजा यथासांग झाली, शस्त्राने गुण दाखवला, आणि संशोधन अपुरं राहिल्यामुळे वर्षभर थांबावं लागतंय. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कोणाचं संशोधन, तेवढं लिहिलं नाही.